नीटसाठी एक वर्ष थांबायचंय? रिपीटच्या वर्षाबद्दल नेहमी येणारे प्रश्न

नीटचा, म्हणजे एमबीबीएससारख्या अभ्यासक्रमांच्या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की आमच्या ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजीच्या स्टाफरूमला प्रवेश कार्यालयाची कळा येते. प्रश्न विचारणारे दरवर्षी नवे, प्रश्न मात्र तेच. म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. ती महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना धरून आहेत. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्यामुळे राज्यातले प्रवेश करणाऱ्या राज्य सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका अंतिम मानावी, व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड नव्हे.

ड्रॉप (प्रवेश न घेता पुन्हा परीक्षेसाठी थांबायचं वर्ष) घ्यावा की नाही, हे कशावरून ठरवायचं?

उत्तरपत्रिकेवरून. मामांच्या सल्ल्यावरून नाही, क्लासच्या फोनवरून तर मुळीच नाही.

निकालाच्या सुमारास परीक्षा घेणारी एनटीए ही संस्था तुमच्या ओएमआरची (गोल भरलेल्या उत्तरपत्रिकेची) स्कॅन प्रत आणि उत्तरसूची संकेतस्थळावर टाकते. दोन्ही उतरवून घ्या. ती खिडकी काही दिवसच उघडी असते. प्रश्नपुस्तिका घरी आणलेली असतेच. आता एक दुपार काढा आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका रकान्यात टाका: येत होतं पण घाईत गेलं, धडाच कच्चा होता, तुक्का मारला.

समजा ४७० गुण आहेत. म्हणजे, उदाहरणादाखल, १२५ बरोबर, ३० चूक, २५ सोडलेले. बरोबर उत्तराला ४, चुकीला उणे १, म्हणून ५०० वजा ३०. त्या ३० चुकांतल्या १२ ‘येत होतं पण’ या रकान्यात पडल्या, तर प्रत्येक चूक सुधारली की ५ गुणांचा फरक पडतो (गेलेला १ परत येतो आणि ४ मिळतात). एकही नवा धडा न शिकता ६० गुण. अशा विद्यार्थ्याने थांबायला माझी हरकत नाही. उलट बहुतेक चुका दुसऱ्या रकान्यात असतील, त्याही तिन्ही विषयांत, तर तुम्हाला रिव्हिजन नव्हे, पहिल्यापासून अभ्यास करायचा आहे. तोही एका वर्षात होतो, पण मग त्याला रिव्हिजन म्हणून स्वतःची समजूत काढू नका.

सोडलेले २५ वेगळे पाहा. वेळ संपला म्हणून सोडले की आलेच नाहीत म्हणून? वेळ संपला असेल तर तो फार करून फिजिक्सने खाल्लेला असतो.

आणखी एक प्रश्न मी मुलांना एकटं गाठून विचारते: नीट नावाची परीक्षाच नसती तर काय शिकला असतास? उत्तर पटकन आलं आणि बोलताना चेहरा खुलला, तर त्या घरात वेगळी चर्चा व्हायला हवी. डॉक्टर व्हायचं वडिलांच्या मनात आहे आणि वर्ष मुलाचं जातंय, अशा ड्रॉपमधून फारसं काही निघत नाही.

किती वेळा देता येते? वयाची अट आहे का?

किती वेळा द्यायची याला मर्यादा नाही. प्रवेशाच्या वर्षातल्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात. तिथेच अडकलेले असाल तर बोर्डाच्या गुणसुधार योजनेतून पुन्हा बसावं लागेल. त्या अर्जाची तारीख नीटच्या गडबडीत हमखास विसरली जाते.

मागच्या वर्षी इतक्या गुणांना सरकारी कॉलेज मिळालं होतं, मग यंदा तेवढे पुरतील ना?

गुणांवर जाऊ नका, रँक बघा. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही ७२० पैकी ७२० मिळवणारे १७ जण होते. २०२५ ला फिजिक्सने सगळ्यांना घाम फोडला आणि देशात पहिला आलेल्याचे गुण ६८६ होते. एका वर्षाचे ५५० आणि दुसऱ्या वर्षाचे ५५० यांची किंमत सारखी नसते. रँकची किंमत मात्र वर्षावर्षाला इतकी उडी मारत नाही. त्यामुळे सीईटी सेलच्या मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीच्या याद्या काढा, आपल्या प्रवर्गात कोणत्या रँकला कोणतं कॉलेज मिळालं ते पाहा, आणि आपण किती मागे आहोत ते त्या भाषेत मोजा.

राज्यातल्या ८५ टक्के जागा सीईटी सेल भरतं, सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के ऑल इंडिया कोट्यात जातात. मराठवाडा, विदर्भ, उर्वरित महाराष्ट्र असा ७०:३० चा प्रादेशिक कोटा २०२० मध्ये रद्द झाला. गावाकडचे काही काका अजून तो धरून हिशेब मांडतात. त्यांना नम्रपणे सांगा.

मे ते जुलै या काळात काय करायचं? निकाल नाही, प्रवेश नाही, अभ्यासही सुचत नाही.

पहिले दोन आठवडे काही करू नका. खरंच. मग सर्वात कच्च्या विषयाचा एकच भाग घ्या, मेकॅनिक्स म्हणा किंवा ऑरगॅनिक, आणि रोज तीन-चार तास त्यावर बसा. जूनमध्ये चौदा तासांचं टाइमटेबल भिंतीला चिकटवणारी मुलं ऑक्टोबरात ढेपाळतात.

आणि समुपदेशनाच्या (जागावाटपाच्या) फेऱ्यांत नाव नोंदवाच, ड्रॉप ठरला असला तरी. कोणत्या फेरीपर्यंत मोकळेपणाने बाहेर पडता येतं, कोणत्या फेरीनंतर अनामत जाते, शेवटच्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या वर्षी काय होतं, हे आधी वाचा. ऑल इंडिया कोट्याच्या शेवटच्या फेऱ्यांत जागा घेऊन न गेल्यास पुढच्या वर्षीच्या परीक्षेलाच बसू न देण्याची तरतूद आलेली आहे. ‘बघू तरी काय मिळतंय’ म्हणून भरलेला पर्याय महागात पडू शकतो.

लातूर, नांदेड, कोटा की घरी बसून?

लातूर पॅटर्नचं नाव उगाच झालेलं नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद या कॉलेजांनी बोर्डाच्या काळापासून शिस्तीने अभ्यास करून घेण्याची पद्धत बसवली आणि तिच्याभोवती पुढे अख्खा ट्यूशन एरिया उभा राहिला. नांदेडही त्याच वाटेने गेलं. तिथे गेल्याचा मोठा फायदा शिक्षकांपेक्षा वातावरणाचा असतो: खोलीतले तिघं पहाटे उठले की चौथ्याला झोपून राहायची लाज वाटते.

पण खर्च फक्त क्लासच्या फीचा धरू नका. कॉट बेसिसवर खोली, मेस, टेस्ट सिरीज, झेरॉक्स, महिन्यातून एकदा आई-बाबांची फेरी, आजारपण. मेसचं जेवण न मानवल्याने वर्षाचे महिने गेलेली मुलं दरवर्षी दिसतात आणि ही गोष्ट कुठल्याही जाहिरातीत नसते. कोट्याला जायचं तर अंतर, हिंदीतून शिकवणं आणि उन्हाळा यांचा विचार करा. बारावीत कधीच घराबाहेर न राहिलेल्या मुलाला पहिल्यांदाच इतक्या लांब आणि तेही अपयशाच्या वर्षात पाठवावं, हे मला पटत नाही.

घरी बसणं कोणाला जमतं? ज्याच्या पहिल्या रकान्यातल्या चुका जास्त आहेत, ज्याला स्वतः वेळ लावून पेपर सोडवता येतो, आणि ज्याच्या घरात दिवसा एक खोली शांत मिळते त्याला. ती नसेल तर तालुक्याची अभ्यासिका. महिन्याला थोडेच पैसे पडतात आणि तिथे एमपीएससीवाल्यांची शिस्त फुकट मिळते. ऐपतच नसेल तर मोफत शिकवणारे उपक्रमही आहेत. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी उभा केलेला ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ हा त्यातला एक. तिथे प्रवेश निवडीने होतो, म्हणून निकालाच्या आधीपासून चौकशीला लागा.

रिपीटर बॅचची फी भरण्याआधी काय विचारावं?

फलकावर ज्यांचा फोटो आहे तेच सर रिपीटर बॅचला शिकवतात का, हे पहिलं. टेस्टचा पेपर परत मिळतो का आणि त्यावर कोणी बसून बोलतं का, हे दुसरं आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचं. बॅचमध्ये किती मुलं आहेत. नीटच्या गुणांवर फीत किती सूट. आणि मध्येच सोडलं तर पैसे किती परत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, विद्यार्थ्याने मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असं म्हटलं आहे. सूचना दाखवल्यावर सगळेच ऐकतात असं नाही, पण पावती घेताना ही गोष्ट बोलून, लिहून घेतलेली बरी. पूर्ण फी एकरकमी भरू नका, सूट कितीही गोड वाटली तरी.

निकालाच्या आठवड्यात एकाच मुलीचा फोटो तीन क्लासच्या फलकांवर दिसतो. ती एका ठिकाणी शिकलेली असते, दुसरीकडे टेस्ट सिरीज दिलेली असते आणि तिसरीकडे बहुधा नुसता सत्कार झालेला असतो.

बीएस्सीला नाव घालून ठेवू का? वर्ष वाया गेलं असं नको वाटायला.

घालता येतं, आणि काहींना त्याचा मानसिक आधार होतो. पण तीन गोष्टी आधी बघा. कॉलेज हजेरीबद्दल किती कडक आहे? प्रात्यक्षिकं कोणत्या वारी? आणि तुमचा मूळ एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) तिथे जमा होणार आहे, तो एमबीबीएसच्या प्रवेशाच्या दिवशी परत कसा मिळणार? प्रवेशाच्या फेरीत कागद दाखवायला तीन-चार दिवस असतात आणि नेमका त्याच आठवड्यात बीएस्सीच्या कॉलेजचा क्लार्क रजेवर असतो. ट्रान्स्फर सर्टिफिकेट किती दिवसांत मिळतं हे प्रवेश घेतानाच विचारून ठेवा. सीबीएसईवाल्यांनी मायग्रेशनचंही.

बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीडीएस (दंतवैद्यक) मिळतंय. ते घेऊ की ड्रॉप?

बीएएमएस ‘तोपर्यंत’ म्हणून घेऊ नका. तो स्वतंत्र अभ्यास आहे आणि पहिल्या वर्षाला संस्कृतसकट चांगलाच घाम काढतो. त्यात राहून नीट पुन्हा द्यायची म्हणजे दोन्हीकडे अर्धे. शिवाय जागा सोडताना दंड, भरलेली फी, अडकलेली मूळ कागदपत्रं. आयुर्वेद मनापासून आवडत असेल तर घ्या आणि मागे वळून पाहू नका.

फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी यांचे प्रवेशही राज्यात नीटवरून होतात, पशुवैद्यकीयचेही. हे पर्याय मुलांना ड्रॉपचं वर्ष संपल्यावर कळतात, आधी कळले तर काहीजण थांबणारच नाहीत. नर्सिंगला आता वेगळी सीईटी आहे. रिपीटच्या वर्षात एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गटही भरून ठेवा. बी. फार्म. आणि कृषी पदवीची दारं त्याने उघडी राहतात आणि वेगळा अभ्यास जवळजवळ करावा लागत नाही.

खासगी कॉलेजची फी झेपेल असं वाटतंय. तरी सरकारीसाठी थांबावं का?

हा पैशाचा प्रश्न आहे आणि तो घरच्यांनी मुलासमोर आकडे मांडून सोडवावा. खासगी कॉलेजातल्या राज्य कोट्याची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. संस्था कोट्यात ती कितीतरी पट होते. साडेचार वर्षं शिक्षण, मग एक वर्ष इंटर्नशिप, आणि पुढे पीजी करायचंच म्हटलं तर पुन्हा तीन वर्षं. कर्ज काढून पहिला टप्पा पार केला आणि दुसऱ्यासाठी हात रिकामे, असं होऊ देऊ नका.

मुलींसाठी जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने बरंच चित्र बदललं आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (खुल्या वर्गातले आर्थिक दुर्बल) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच हवा, संस्था कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. ज्या घरात ‘खासगी परवडणार नाही, म्हणून ड्रॉप’ असं ठरत होतं, तिथे हा हिशेब नव्याने करून बघा.

दिवसाचं वेळापत्रक कसं असावं?

परीक्षा दुपारी दोन ते पाच असते. मग तुमचं शरीर दुपारी दोन ते पाच जागं हवं. जेवून ताणून देणाऱ्यांनी ही सवय जानेवारीच्या आत मोडावी. २०२५ पासून पेपर पुन्हा १८० प्रश्न, १८० मिनिटं असा झाला आहे, पर्यायी प्रश्न गेले, वाढीव वीस मिनिटंही गेली. ९० प्रश्न बायोलॉजीचे, ४५-४५ फिजिक्स-केमिस्ट्रीचे. बायोलॉजी पन्नासएक मिनिटांत संपली नाही तर पुढचं गणित कोलमडतं. गुण समान झाले तरी आधी बायोलॉजीचेच पाहतात, हे मी विषयप्रेमाने सांगत नाही.

बाकी किती तास, पहाटे की रात्री, हे ज्याचं त्याने ठरवावं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांकडून करून घेते: चुकांची वही. प्रत्येक टेस्टनंतर चुकलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात लिहायचं नाही, चुकण्याचं कारण लिहायचं. एका मुलीच्या वहीतल्या नोंदी अशा होत्या: ‘अयोग्य विधान निवडा मधलं अयोग्य वाचलंच नाही.’ ‘उत्तर मीटरमध्ये हवं होतं, सेंटिमीटरमध्ये काढलं.’ ‘एसए नोड माहीत होता, पहिला पर्याय बरोबर वाटला म्हणून पुढचे वाचले नाहीत.’ ‘गोल ११२ ऐवजी ११३ चा भरला.’ दिवाळीपर्यंत तिलाच दिसलं की निम्म्या चुकांचं कारण ‘वाचलं नाही’ हेच आहे. मग तिने प्रश्नातल्या ‘अयोग्य’, ‘वगळता’, ‘नाही’ या शब्दांभोवती पेनाने गोल करायची सवय लावली. ही सवय तिला कुठल्याही क्लासने शिकवली नव्हती.

तुक्क्याचं गणितही सांगून टाकते. चारही पर्याय अनोळखी असतील तर मारलेल्या तुक्क्याची सरासरी कमाई पाव गुण, म्हणजे जवळपास काहीच नाही. एक पर्याय नक्की चूक आहे असं कळलं तर दोन-तृतीयांश गुण, दोन कळले तर दीड. दोनांवर आलात तर सोडू नका. चारांवर असाल तर पुढे चला.

मी स्टेट बोर्डाचा, मराठी माध्यमाचा. मागे पडतो का?

अभ्यासक्रमात नाही, भाषेत थोडे. प्रश्न एनसीईआरटीच्या वाक्यांवरून उचललेले असतात. बालभारतीच्या पुस्तकातून तीच गोष्ट शिकलेली असली तरी शब्द वेगळे पडतात. म्हणून बायोलॉजीला एनसीईआरटी ओळन्‌ओळ, आकृत्यांखालच्या मजकुरासकट. पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत.

नीट मराठीतूनही देता येते. पुस्तिका मराठी-इंग्रजी अशी दोन्ही भाषांत असते आणि भाषांतरात फरक पडला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. त्यामुळे मराठी पेपर घेतलात तरी संज्ञा इंग्रजीतून ओळखीच्या करून घ्या, पुढे एमबीबीएसला तशाही त्याच लागणार आहेत.

दादाच्या किंवा ताईच्या जुन्या मॉड्यूल्स वापरताना सांभाळून. २०२४ पासून अभ्यासक्रम छाटला आहे. केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, एस-ब्लॉक, पॉलिमर्स गेले, बायोलॉजीतून वनस्पतींमधलं वहन, खनिज पोषण, पचन गेलं. गेलेल्या धड्यांवर महिना घालवणारा एक तरी रिपीटर दरवर्षी भेटतो.

या वर्षात कागदपत्रांचं काय करायचं?

हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही, म्हणून उत्तर लांब लिहिते. गुण असून कागदासाठी जागा गेली, यापेक्षा जिव्हारी लागणारं काही नसतं, आणि रिपीटरला तर अख्खं वर्ष हाताशी असतं.

राखीव प्रवर्गासाठी जात प्रमाणपत्र आणि जात वैधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैधता पडताळणी समितीकडून मिळते आणि पुरावे त्या-त्या प्रवर्गाच्या मानीव दिनांकाच्या आधीचे मागतात: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबांचा, कधी पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावची नोंद शोधावी लागते. ती जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात असते, पान फाटलेलं असतं, आडनाव एकीकडे ‘पाटिल’ आणि दुसरीकडे ‘पाटील’ असतं. घरात चुलत्यांपैकी कोणाची वैधता झालेली असेल तर काम खूप सोपं होतं, आधी तिथे विचारा. हे काम जुलैतच सुरू करा. प्रवेशाच्या वेळी वैधतेला मुदतवाढ मिळते असं ऐकून स्वस्थ बसू नका. ती एखाद्या वर्षी मिळते, एखाद्या वर्षी नाही.

नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्चला संपतं. फेब्रुवारीत काढलेलं जुलैत चालेल का, हे त्यावरची तारीख वाचून ठरवा. ऑल इंडिया कोट्यासाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्रं केंद्राच्या नमुन्यातली लागतात, राज्याची चालत नाहीत. एसईबीसी हा प्रवर्ग केंद्राच्या यादीत नाही, त्यामुळे तिथे तुम्ही खुल्यातले. अधिवासाचं प्रमाणपत्र, दहावी-बारावीची गुणपत्रकं, एलसी, ठरावीक नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि ‘बारावीनंतर मी कुठेही प्रवेश घेतला नव्हता’ असं सांगणारं गॅपचं शपथपत्र. बीएस्सीला नाव घातलं असेल तर असं शपथपत्र देऊ नका, ते खोटं ठरतं. तिथला टीसी जोडा.

आणि नीटच्या अर्जातलं, आधारवरचं, दहावीच्या गुणपत्रकावरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतंय का ते आत्ताच बघा. आधार दुरुस्तीच्या रांगेत एप्रिलमध्ये उभं राहायला कोणालाही आवडणार नाही.

अभ्यासाबरोबर दवाखान्यात किंवा एखाद्या प्रकल्पात काम करावं का? प्रवेशाला उपयोग होतो का?

प्रवेशाला काडीचाही होत नाही. आपल्याकडे प्रवेश निव्वळ नीटवर आहे, अमेरिकेसारखं अनुभवाचं पत्र कोणी मागत नाही. न्यू जर्सीतल्या आत्याने सांगितलेला सल्ला तिथल्या मुलांना लागू.

पण स्वतःला उपयोग होतो. ज्याला रक्त बघून गरगरतं, ज्याला आजारी माणसाचा चिडचिडा आवाज सहन होत नाही, त्याला ते लवकर कळलेलं बरं. ओळखीच्या डॉक्टरांना विचारून रविवारी सकाळी ओपीडीत केसपेपर लिहायला बसा. ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत दोन तास नुसतं बसलात तरी डॉक्टरकी म्हणजे काय याचा अंदाज येतो: एक डॉक्टर, बाहेर व्हरांड्यात भरलेली बाकं, आणि निम्म्या रुग्णांना औषधापेक्षा आधी ऐकून घेणारं माणूस हवं असतं.

मोठ्या भेटी मात्र परीक्षा झाल्यावर ठेवा. मेमधली परीक्षा आणि कॉलेज सुरू होणं यात काही महिने मोकळे असतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांचं ‘सर्च’, हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प, मेळघाटात डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे यांचं बैरागड, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेलं ग्रामीण आरोग्याचं काम. जामखेडला गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं गेलं आणि बालमृत्यू, बाळंतपण, पोषण यांचं बरंचसं काम त्यांनी पेललं. होणाऱ्या डॉक्टरने हे एकदा डोळ्यांनी पाहावं. अशा ठिकाणी आधी पत्र लिहून, परवानगी घेऊन जायचं. पर्यटक म्हणून गेलात तर तिथल्या लोकांची अडचणच होते.

मुलीला आणखी एक वर्ष घरी ठेवायचं म्हणजे… लोक विचारतात.

विचारू द्या. मुलाच्या ड्रॉपला ‘तयारी करतोय’ म्हणायचं आणि मुलीच्या ड्रॉपला ‘घरी आहे’ म्हणायचं, हे आधी घरातच थांबवा. घरी अभ्यास करणाऱ्या मुलीच्या वाट्याला आलेले पाहुणे, आजीची औषधं आणि संध्याकाळच्या पोळ्या येतात. दुपारी दोन ते पाच तिला कोणी हाक मारणार नाही, एवढं जरी घरच्यांनी पाळलं तरी पुष्कळ.

मित्रांचे ॲप्रनमधले स्टेटस बघवत नाहीत. मन लागत नाही.

कॉलेजं सुरू झाली की हे होतंच. दिवाळीत ते सगळे घरी येतात आणि ॲनाटॉमीच्या गोष्टी सांगतात, तेव्हा तर फारच होतं. स्टेटस म्यूट करा, भेटणं मात्र टाळू नका. त्यांना विचारा, पहिलं वर्ष कसं चाललंय. बहुतेकांचं उत्तर रडवेलं असतं.

पण झोप उडाली, जेवण सुटलं, आठवडेच्या आठवडे पुस्तक उघडवत नाही, किंवा जगणं नको असं मनात यायला लागलं, तर तो अभ्यासाचा प्रश्न उरत नाही. घरात एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा. टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू असते. पालकांनो, मुलगा अचानक फार शांत झाला की ‘आता शहाणा झाला’ असं समजू नका. जवळ बसून विचारा.

दुसरा ड्रॉप घ्यावा का?

पहिल्या वर्षीच्या आणि दुसऱ्या वर्षीच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवा. तेच तीन रकाने भरा. रँक बरीच वर आली असेल आणि थोडक्यात हुकलं असेल तर बोलता येईल. रकाने जसेच्या तसे असतील तर तिसऱ्या वर्षी ते का बदलतील, याचं उत्तर मुलाकडून आलं पाहिजे, क्लासकडून नाही. २०२५ ला साधारण २२ लाख मुलांनी परीक्षा दिली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा, खासगी धरून, सव्वा लाखाच्या आसपास. चांगली, मेहनती, हुशार मुलंही यात बाहेर राहतात.

नाहीच झालं तर परदेशात एमबीबीएस?

एजंटने हॉटेलात घेतलेल्या सेमिनारला जाण्याआधी २०२१ चे परदेशी वैद्यकीय पदवीधरांचे नियम वाचा. किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, शिक्षण इंग्रजीतून, १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच देशात त्याच संस्थेत, परत आल्यावर इथली पात्रता परीक्षा आणि इथेही इंटर्नशिप. त्या देशात त्याच पदवीवर तिथल्या नागरिकांप्रमाणे डॉक्टरकी करता येते का, हेही बघतात. या प्रत्येक मुद्द्यावर एजंटकडून लेखी उत्तर मागा. नीट पात्र असणं परदेशासाठीही सक्तीचं आहे, मात्र तो निकाल तीन वर्षं चालतो. ‘यंदाच पैसे भरा, नाहीतर पुन्हा नीट द्यावी लागेल’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच उठून या.